प्रूफ नंबर पाच

१

या, जवळ या. मागं उभे आहात त्यांनीही पुढं सरकून घ्या. देवाच्या दारात आणि गोष्टीच्या दारात संकोच करू नये. आज सांगायची आहे ती वीतभर लोखंडाची गोष्ट. ते लोखंड सापडायला नको होतं तिथं सापडलं, आणि एका बाईनं आवाज न चढवता, कुणावर बोट न रोखता, ते तिथं कुणी ठेवलं ते शोधून काढलं. कान इकडं द्या. शेवटी एक मागणं मागेन, तेवढं पदरात टाका म्हणजे झालं.

कारखाना होता कागदावर सोनं चढवण्याचा. पुस्तकांची कव्हरं, अत्तराची खोकी, शाळांची प्रशस्तिपत्रं. एक उभी प्लेट असते, तव्यासारखी तापलेली. तिच्यावर पितळेचे ठसे बसवतात. समोरून कागद येतो, मधून सोनेरी फॉइलची पट्टी जाते, दाब बसतो आणि अक्षरं कागदावर उमटतात. ऐकायला सोपं. पण ठसा केसभर जरी इकडंतिकडं बसला, तरी पुस्तकाचं नाव कलंडल्यासारखं दिसतं. म्हणून तो तापलेला ठसा केसभर सरकवायला एक हत्यार असतं. वीतभर पोलादी पट्टी, एका टोकाला लाकडी मूठ, दुसऱ्या टोकाला खुंटी आणि खुंटीला लागून एक वाकडी टाच. प्लेटला मधाच्या पोळ्यासारखी भोकं असतात. खुंटी भोकात घालायची, टाच ठशाला टेकवायची आणि मूठ हळूच फिरवायची. ठसा पुढं ढकलला जातो. ओढता येत नाही, फक्त ढकलता येतं; एवढं लक्षात ठेवा. कारखान्यात तिला नुसतं ‘दांडी’ म्हणत.

दांडी होती मास्तरांची. चौतीस वर्षं ते त्या मशीनवर उभे होते आणि चौतीस वर्षांत त्यांनी ती कुणाच्या हाती दिली नव्हती. कुणी मागितली तर म्हणायचे, “बायको माग, दांडी मागू नकोस.” आणि त्यांची बायको त्याच हॉलमध्ये, दहा पावलांवर, तपासणीच्या टेबलाशी बसून ते ऐकायची. सगळे तिला काकू म्हणत. काकूंचं काम असं, की छापून आलेला प्रत्येक कागद उजेडात धरायचा आणि सोनं जागेवर आहे का ते बघायचं. केसभर फरक त्यांना दिसायचा. बाकी फारसं काही दिसत नाही, असं त्याच म्हणायच्या.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, काकू तपासलेले कागद द्यायला वर ऑफिसात गेलेल्या आणि बाकीची मशीनं धडधडत असताना, मास्तरांचा हात मशीनमध्ये गेला. हातापेक्षा हृदयानं जास्त धसका घेतला, असं डॉक्टर म्हणाले. दोन दिवस ते पडून होते, बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे गेले.

ते गेल्यानंतर नवव्या दिवशी काकू कामावर आल्या. रडल्या नव्हत्या. रडायचं राहून गेलं होतं, एखादं पत्र टाकायचं राहून जातं तसं. चहा पुढं आला की प्यायच्या, आणि तो गार होता की गरम, हे कप ठेवल्यावर त्यांना सांगता आलं नसतं.

वरच्या ऑफिसात मालकांच्या जावयानं त्यांना बोलावलं. सहा महिन्यांपासून कारभार तोच बघत होता. खुर्ची पुढं केली.

“काकू, नुसतं औपचारिक आहे हे. सरकारी तपासनीस पाच वाजता येतोय. घरच्यांची एक सही लागते.”

काकूंनी कागद वाचला. मयत इसमास चालू मशीनमध्ये हात घालण्याची जुनी सवय होती. अपघात त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे घडला.

“अशी सवय होती, हे कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? तो पाना आतच सापडला ना, प्लेटवर.”

“पाना?”

“तोच हो. ठशांचे स्क्रू आवळतात तो.” जावई जरा ओशाळला. “मशीन चालू असताना ते आवळायला गेले, आणि… तुम्हाला त्रास होईल, मी बोलत नाही.”

काकूंनी खालची सही पाहिली. साक्षीदार म्हणून एक सही आधीच झाली होती. ती त्यांच्या भाचीची.

“पाचपर्यंत वेळ आहे ना?” काकू म्हणाल्या.

“आहे. पण पाचच्या पुढं नको.”

२

मास्तर सगळ्यांना एकच धडा द्यायचे: लाल आधी, हात नंतर. लाल बटण दाबलं की मशीन मुकं होतं. ते पिळून सोडवून हिरवं दाबल्याशिवाय हलत नाही. एवढंच नव्हे, लाल दाबून ते मोठ्यानं म्हणायचे, “हात आत.” जोडीदारानं म्हणायचं, “हो.” काम झालं की “हात बाहेर”, मग पुन्हा “हो”. देवळातल्या आरतीला जसा एक पुढं म्हणतो आणि बाकीचे मागं ओढतात, तसा हा दिवसभराचा पाठ. आता तोच माणूस निष्काळजी म्हणून कागदावर जाणार होता, आणि त्या कागदाखाली त्याच्या बायकोची सही.

काकूंना राग आला नाही. राग यायला आत काहीतरी जागं असावं लागतं. त्यांना फक्त ते खरं आहे का, हे बघायचं होतं. खरं असतं तर त्यांनी सही केली असती.

हॉस्पिटलनं दिलेली कपड्यांची पिशवी त्यांनी घरी नेलीच नव्हती. कारखान्यातल्या आपल्या कपाटात ठेवून दिली होती. ती आज उघडली. शर्ट, चष्म्याचं घर, आणि तो निळा अ‍ॅप्रन. अ‍ॅप्रनच्या छातीवरचा लांबट खिसा काकूंनीच शिवला होता, दांडीसाठी. वर झाकण, झाकणाला बटण.

बटण लावलेलं होतं. खिसा रिकामा.

काकू ते बटण अंगठ्यानं चाचपत कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. दांडी हातात असली की मास्तर खिसा उघडा ठेवायचे, परत घालताना अडायला नको म्हणून. मळके हात, तापलेलं मशीन, तेव्हा बटणाशी कोण खेळत बसणार. उघड्या खिशापायी अ‍ॅप्रन किती वेळा अडकून फाटला होता आणि किती वेळा त्यांनी शिवला होता. मग हातात दांडी घेऊन प्लेटशी झटणाऱ्या माणसानं रिकाम्या खिशाचं बटण कशाला लावलं?

फोरमन पॅकिंगच्या खोलीत होता. मास्तरांच्याच हाताखाली शिकून वर चढलेला, वीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस. तोंडानं फाटका. त्या दिवशी सकाळी त्याचं आणि मास्तरांचं वाजलं होतं, हे सगळ्या हॉलला माहीत होतं.

“मी बोललो त्यांना, नाही कशाला म्हणू,” काकूंनी विचारायच्या आधीच तो म्हणाला. “चार प्रूफं काढून झाली तरी म्हाताऱ्याचं समाधान नाही. म्हटलं, ती दांडी हिसकावून घेईन एक दिवस. आता झोपताना तेच आठवतं.”

“पाचवं प्रूफ पाहिलंस?”

“पाचवं निघालं होतं? मी चौथं बघून इकडं आलो. इथं खोकी मोजत होतो, सगळे साक्षीला आहेत. तुमचा माझ्यावर डोळा आहे होय काकू?”

“डोळा सगळ्यांवरच आहे. त्याचाच पगार घेते.” काकूंनी जवळचा एक कागद उचलला. “एक सांग. कागदावर अक्षर उजवीकडं न्यायचंय. दांडी कुठं लावशील?”

“उजव्या अंगाला.” त्याला विचार करावाच लागला नाही. “ठशाच्या उजव्या अंगाला लावायची आणि डावीकडं रेटायचं. उद्या मला श्वास कुठून घ्यायचा तेही विचाराल.”

“विचारलं असतं,” काकू म्हणाल्या, “पण तू उत्तर लांबवशील.”

फोरमन हसला. हसताना त्याचे डोळे भरले, आणि तो खोक्यांकडं तोंड करून मोजायला लागला.

३

फिटर म्हणजे कारखान्याचा विदूषक. बंद पडलेल्या मशीनलाही तो गुदगुल्या करतो म्हणत. पण काकू त्याच्या कोपऱ्यात आल्या तेव्हा तो एकच नट कापडानं पुसत बसला होता, आणि तो नट केव्हाच लख्ख झाला होता.

“सगळ्यात आधी तूच पोचलास ना?”

“हो. भाचेबाईंनी येऊन माझी बाही धरली.”

“ओरडली का ती?”

“नाही. ते विचित्र वाटलं मला. नुसती बाही धरली आणि ओढत नेलं. म्हणाल्या, मी मागं कागद आणायला गेले होते, मामा बघा.” तो थांबला. “लाल बटण मोकळं होतं, काकू. खोटं कसं सांगू? मशीन चालू होतं, एक दाब देऊन पुन्हा उघडून थांबलेलं. मी लाल दाबलं, त्यांना बाहेर काढलं. आणि दांडी प्लेटवर लावलेली.”

“मशीनला नंतर कुणी हात लावला?”

“कुणी नाही. मीच तांबडी फीत गुंडाळली. तपासनीस एकदा येऊन फोटो काढून गेला, पण जे होतं ते तसंच आहे.” मग त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि अवजारांच्या खणातून एक खाकी पाकीट काढलं. “हे मात्र मी काढून घेतलं. मास्तर म्हणायचे ना, शेवटचा कागद फेकायचा नाही. तो मशीनमध्येच होता. आणि एक प्रूफ खाली जमिनीवर पडलेलं. तपासनिसाला दिलं असतं, पण त्यानं मागितलं नाही आणि मला… तुमच्या आधी दुसऱ्यानं बघावं असं वाटेना.”

काकूंनी मशीनमधला कागद बाहेर काढला. त्याचा खालचा एक कोपरा कात्रीनं नीट कापून काढलेला होता. का कापला, ते त्यांनी विचारलं नाही. फिटरनंही सांगितलं नाही.

त्यांनी कागद खिडकीशी धरला. वर पुस्तकाचं नाव, मध्ये पिंपळपान, खाली प्रकाशकाची ओळ. सोनं स्वच्छ उतरलं होतं. काकूंनी कागद तिरपा केला, उलटा केला, पाठीवरून बोट फिरवलं. सवयीचं काम होतं. हात आपोआप करत होते.

“दांडी ठशापेक्षा उंच असते ना रे?”

“बोटभर उंच. म्हणून तर दाब द्यायच्या आधी काढावीच लागते. राहिली तर कागदाच्या चिंध्या.” बोलता बोलता फिटर थांबला. कापड त्याच्या हातातून खाली पडलं. “दाखवा बरं इकडं.”

कागदावर दांडीची खूण नव्हती. भोक नाही, खळगा नाही, सुरकुतीसुद्धा नाही.

“म्हणजे प्लेट मिटली तेव्हा…”

“तेव्हा दांडी आत नव्हती,” काकू म्हणाल्या. “नंतर कुणीतरी ठेवली.”

४

हॉलमध्ये जेवणाची सुट्टी झालेली होती. काकू फितीखालून वाकून मशीनसमोर उभ्या राहिल्या. चौतीस वर्षं ते जिथं उभे राहायचे तिथं जमीन किंचित गुळगुळीत झाली होती. प्लेट आता गार होती. तिच्यावर तीन ठसे, आणि सगळ्यात खालच्या, ओळीच्या ठशाला लागून दांडी. खुंटी भोकात नीट बसलेली, टाच ठशाला टेकलेली. लावणाऱ्याला दांडी कशी लावतात ते ठाऊक होतं.

पाकिटातलं प्रूफ त्यांनी काढलं. कोपऱ्यात मास्तरांच्या हातचा पेन्सिलीचा आकडा: पाच. खालच्या ओळीजवळ एक बाण, उजवीकडं तोंड केलेला. त्याच्यापुढं लिहिलेलं: दोन केस.

म्हणजे कागदावर ती ओळ दोन केस उजवीकडं न्यायची होती.

आता तुम्ही आपले दोन्ही तळहात समोरासमोर धरा, नमस्काराच्या आधी धरतो तसे, पण जरा अंतर ठेवून. एक हात म्हणजे कागद, दुसरा म्हणजे ठसा. दोघं एकमेकांकडं तोंड करून असतात, म्हणून ठशावर अक्षर उलटं असतं आणि कागदावर सुलटं होतं. म्हणूनच कागदावरचं उजवं ते प्लेटवरचं डावं. ओळ उजवीकडं न्यायची तर ठसा डावीकडं ढकलायचा, आणि ढकलायचा तर दांडी त्याच्या उजव्या अंगाला लावायची. फोरमननं विचार न करता सांगितलं होतं तेच.

प्लेटवर दांडी ठशाच्या डाव्या अंगाला होती.

काकूंनी एकदा बाणाकडं पाहिलं, एकदा दांडीकडं. कागदावरचा बाण उजवीकडं, म्हणून कुणीतरी ठसा उजवीकडं ढकलायला निघालं होतं. तसं ढकललं असतं तर चूक दोन केसांची चार केस झाली असती.

मास्तरांनी ही चूक मेल्यावरसुद्धा केली नसती.

त्या तिथंच कागदाच्या गठ्ठ्यावर बसल्या. मन सुन्न असलं की एक बरं असतं, ते आडवं येत नाही. एक एक माणूस त्यांनी उजेडात धरला, कागद धरतात तसा.

जावई. सही त्यालाच हवी होती, म्हणून पहिलं बोट त्याच्याकडं जाणार. पण त्याला दांडी म्हणजे स्क्रू आवळायचा पाना वाटतो. ती भोकात घालून ठशाला टेकवायची, हे त्याच्या गावीही नाही. त्यानं ठेवली असती तर प्लेटवर नुसती आडवी टाकली असती. त्याला फार कमी येतं.

फोरमन. त्याला फार जास्त येतं. झोपेतून उठवून लावायला सांगितली तरी तो बरोबर अंगाला लावेल. मुद्दाम चुकीची लावली म्हणावं, तर लोकांना दिसावी म्हणून माणूस मुद्दाम चूक करतो; ही चूक अकरा-बारा दिवसांत कुणालाही दिसली नव्हती. शिवाय बाण होता पाचव्या प्रूफवर, आणि त्यानं चौथंच पाहिलेलं.

फिटर. तो नट-बोल्टांचा धनी, प्रूफ वाचत नाही. आणि दांडी त्यानं ठेवली असती तर तीच खोटी पाडणारा कागद पाकिटात जपून ठेवला नसता.

राहिलं असं माणूस, ज्यानं पाचवं प्रूफ पाहिलं होतं, ज्याला दांडी लावता येत होती, आणि जे अजून डाव्या-उजव्यात चुकत होतं. अर्धं शिकलेलं माणूस.

आणि बटण. दांडी कुणी खिशातून ओढून घेतली नव्हती. मास्तरांनी ती स्वतः काढली, दुसऱ्याच्या हातात दिली, आणि मग खिसा बंद केला. परत घ्यायची नव्हती म्हणून बंद केला.

चौतीस वर्षांत त्यांनी ती दिली असती अशी एकच व्यक्ती होती. काकू तिच्याच शेजारी रोज रात्री जेवायला बसत होत्या.

५

भाची म्हणजे मास्तरांच्या बहिणीची मुलगी. आईवडील गेल्यावर या दोघांकडंच वाढलेली. आता सव्वीस वर्षांची. तीन वर्षांपासून मामाच्या मशीनवर कागद लावायची. मामा तिला चिडवायचे, “तुला आरशात बघून वेणीसुद्धा घालता येत नाही, ठसा काय सरकवशील.” ती म्हणायची, “मग तुम्हीच घाला वेणी.” नऊ दिवसांत मात्र दोघींमध्ये मीठ दे, दार लाव, एवढंच बोलणं झालं होतं. काकूंना वाटायचं, तीही आपल्यासारखीच सुन्न आहे.

ती मागच्या बाजूला, हात धुवायच्या नळांपाशी उभी होती. पाणी चालू होतं आणि ती हात धूत नव्हती.

काकूंनी नळ बंद केला. प्रूफ नंबर पाच कठड्यावर ठेवलं.

“ही ओळ न्यायची तर दांडी कुठं लावशील?”

भाचीनं बाणाकडं पाहिलं. तिचा उजवा हात जरासा उचलला गेला, मग डावा. मग दोन्ही खाली आले.

“मला अजून कळत नाही, मामी,” ती म्हणाली. “डावीकडं लावली होती मी. चुकली का?”

“चुकली.”

“वाटलंच.”

आत कुणीतरी खुर्ची ओढली.

“त्यांनी दिली तुला?”

“हो.” तिचा आवाज सपाट होता, दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तसा. “पाचवं प्रूफ काढलं, बाण काढला आणि दांडी माझ्या हातात ठेवली. म्हणाले, आज तू. मला वाटलं चेष्टा करतायत. तर म्हणाले, घे, माझा खिसा हलका होईल. आणि बटण लावलं. मग त्यांना खालच्या ठशाला फॉइलचा तुकडा चिकटलेला दिसला. लाल दाबलं त्यांनी. ‘हात आत’ म्हणाले. मी ‘हो’ म्हटलं, मामी. मी म्हटलं ‘हो’.”

“मग?”

“एका हातात प्रूफ होतं, एका हातात दांडी. मी विचार करत होते, डावीकडून की उजवीकडून. चुकायचं नव्हतं मला. पहिल्यांदाच दिली होती त्यांनी. तेवढाच विचार डोक्यात होता. पुढं कागद लावलेला दिसला, आणि हातानं…” तिनं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. “दिवसातून दोन हजार वेळा करते ना. लाल पिळायचं, हिरवं दाबायचं. दांडी मुठीत असतानाच केलं. मी केलं नाही, हातानंच केलं. आणि हात तर माझाच आहे.”

काकूंनी कठड्यावरचं प्रूफ ओल्या जागेपासून दूर सरकवलं.

“ते खाली बसले तेव्हा दांडी माझ्याच हातात होती. वाटलं, आता सगळे विचारतील, ही तुझ्याकडं कशी. म्हणून ती लावून टाकली. म्हणजे वाटेल की तेच सरकवत होते. तेवढ्या घाईतसुद्धा बाण बघून लावली.” ती थांबली. “तेव्हासुद्धा त्यांनी शिकवल्यासारखं करायला गेले.”

“आणि त्यांना निष्काळजी म्हणणाऱ्या कागदावर सही केलीस.”

“केली.”

“वाचून?”

“वाचून.”

काकूंना वाटलं, आता आपल्याला काहीतरी होईल. राग येईल, नाहीतर हिला मिठी मारावीशी वाटेल. दोन्हींपैकी काहीच आलं नाही. त्यांनी प्रूफ उचललं आणि पाकिटात घातलं.

“मी सही करणार नाही,” त्या म्हणाल्या. “हे दोन कागद तपासनिसाला दाखवणार. दांडी नंतर ठेवली गेली, एवढं त्यातून दिसतंच. कुणी ठेवली ते मी बोलणार नाही. त्यांची बायको म्हणून बोलायला हवं, तुझी मामी म्हणून गप्प बसायला हवं, आणि दोन्ही मीच आहे. पुढचं तुझं तू बघ.”

“मी बोलले नाही तर?”

“तर घरी ये. जेवण करून ठेवते.”

६

पाच वाजता तपासनीस वरच्या ऑफिसात आला. मध्यम वयाचा, सर्दीनं बेजार माणूस. काकूंनी त्याच्यापुढं दोन कागद ठेवले आणि दांडी उंच असते, खूण कुठंच नाही, हे चार वाक्यांत सांगितलं. त्यानं कागद तिरपा करून पाहिला, पाठीवरून बोट फिरवलं. मग रुमाल खिशात घातला आणि ताठ बसला.

“मग मशीन कुणी सुरू केलं?”

जावई म्हणाला, “काकूंची मनःस्थिती आपण समजू शकतो, पण साक्षीदारानं स्पष्ट…”

“ती सही माझी आहे,” दारातून आवाज आला. “आणि ती खोटी आहे.”

भाची आत आली. कुणी बस म्हटलं नाही, तिनंही खुर्ची शोधली नाही. नळापाशी सांगितलं होतं तसंच, त्याच क्रमानं सांगितलं. शब्दसुद्धा जवळजवळ तेच. तपासनीस लिहीत होता. मध्येच त्यानं मान वर केली.

“नीट आठवून सांगा. लाल बटण दाबलेलं होतं?”

“हो.”

“कुणी दाबलं होतं?”

“मामांनी. आणि ‘हात आत’ असं मोठ्यानं म्हणाले. ते कधीच विसरले नाहीत. मी सोडवलं ते.”

तपासनिसानं ते वाक्य लिहिलं आणि रीत म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं. मयतानं नियमाप्रमाणे मशीन थांबवून, सूचना देऊन, मगच हात आत घातला होता.

काकू ऐकत होत्या. फार वेळ मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो, आणि उठलं की आधी मुंग्या येतात, मग कळ. तशी एक बारीकशी कळ त्यांच्या आत कुठंतरी उठली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी दुखलं. त्यांनी टेबलाची कड धरली आणि ते दुखू दिलं.

जावयानं आपला टाइप केलेला कागद उचलून त्याची घडी घातली.

चौकशी पुढं दोन महिने चालली. जाणूनबुजून काही घडलं नाही, असा निकाल झाला. लाल बटणाला किल्लीचं कुलूप हवं होतं, ते कारखान्यानं बसवलं नव्हतं, असंही त्यात लिहिलं. खोट्या सहीबद्दल भाचीला ताकीद मिळाली. ती पुन्हा कुठल्याही मशीनपुढं उभी राहिली नाही. दुसऱ्या गल्लीत एका बाइंडिंगवाल्याकडं ती आता सुई-दोऱ्यानं पुस्तकं शिवते. मामी-भाची अजून एकाच घरात राहतात. कधी बोलतात, कधी नाही. एका संध्याकाळी काकू भांडी घासता घासता रडल्या, तेव्हा ती शेजारी उभी राहून भांडी पुसत होती, आणि सगळी पुसून होईपर्यंत तिथून हलली नाही.

आता माझं मागणं. मास्तरांची आठवण काढायला माणसं पुष्कळ आहेत. त्यांच्या हाताखाली शिकलेला प्रत्येक जण ती काढतो. काकूंनाही लोक मानतात, त्यांच्या डोळ्याचं कौतुक होतं. पण त्या मुलीला सगळे त्या एका क्षणासाठीच ओळखतात. गप्प राहिली असती तर मामीशिवाय कुणालाही कधी कळलं नसतं, हे ठाऊक असून जी जिना चढून वर गेली, तिची आठवण फारसं कुणी काढत नाही. संध्याकाळी दिवा लावून हात जोडाल, आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा शेवटी तिच्यासाठीही घटकाभर थांबा. तिचं नाव माहीत नसलं तरी चालेल. ज्याला ऐकू जायचं, त्याला ते माहीत आहे.